'डूकी' आणि विकले गेल्याचा आरोप: मेजर लेबलने ग्रीन डेला नेमकं काय दिलं?

मार्च २०२५ मध्ये लोलापालूझा या संगीत महोत्सवासाठी ग्रीन डे (कॅलिफोर्नियाचा पंक बँड) मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले आणि त्यानंतर ओळखीच्या दोन-तीन जणांनी मला साधारण एकच प्रश्न विचारला, की अरे हे एवढे फेमस आहेत, मग जुने पंकवाले यांच्या नावाने बोटं का मोडतात? कोणी म्हणतं पैशासाठी विकले गेले, कोणी म्हणतं हे पंकच नाही. आपल्याकडे बहुतेकांना हा बँड २००४ च्या 'अमेरिकन इडियट'मुळे कळला, कॉलेज फेस्टमध्ये प्रत्येक दुसरा बँड त्यातलं एखादं गाणं वाजवायचाच. पण भांडण त्याच्या दहा वर्षं आधीचं आहे, १ फेब्रुवारी १९९४ ला आलेल्या 'डूकी' नावाच्या अल्बमचं. ते समजून घ्यायचं तर थोडं संगीत, थोडा पैशाचा हिशोब आणि कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या हॉलचे नियम, एवढं कळायला हवं. अवघड काही नाहीये.

आधी पॉप पंक म्हणजे काय ते बघू

पंक आलं १९७० च्या दशकात, न्यूयॉर्क आणि लंडनमधून. तेव्हाचं रॉक फार लांबलचक आणि कसरतीचं झालं होतं, दहा-दहा मिनिटांची गाणी, मध्येच चार मिनिटं गिटार सोलो, आणि या पोरांचं म्हणणं होतं की हे कशाला हवंय, तीन कॉर्ड (एकत्र वाजवलेल्या स्वरांचे गट), दोन मिनिटं, जोरात वाजवा आणि घरी जा. कॉन्सर्ट स्वतः लावायची, रेकॉर्ड स्वतः छापायची, पोस्टर स्वतः झेरॉक्स करायचं, हा त्यातला दुसरा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा भाग. पॉप पंक म्हणजे याच वेगावर आणि गोंगाटावर गुणगुणता येईल अशी चाल. हे ग्रीन डेने शोधलं नाही, अमेरिकेत रमोन्स आणि इंग्लंडमध्ये बझकॉक्स हेच करत होते, ग्रीन डेच्या पंधरा वर्षं आधी.

'तीन कॉर्ड तर कोणीही वाजवेल' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, म्हणून त्यातली गंमत सांगतो. या गाण्यांत गिटारवर वाजतात ते पॉवर कॉर्ड, आणि पॉवर कॉर्डमध्ये फक्त दोन स्वर असतात, सा आणि प. गंधार नाहीच. गंधार शुद्ध असला की कॉर्ड उजळ वाटते, कोमल असला की उदास, पण इथे गिटार त्या बाबतीत गप्पच बसते. जोरात डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटवला, की तीन-चार स्वरांची कॉर्ड चिखल होते, सा-प मात्र स्वच्छ ऐकू येतात, म्हणून ही पद्धत. आता याचा परिणाम काय होतो, तर मूड ठरवायचं काम सगळं गाणाऱ्याच्या गळ्यावर येतं. चाल कमकुवत असली की उरतो नुसता आवाज. 'डूकी'वरचं 'बास्केट केस' ऐका, सुरुवातीला फक्त दाबून वाजवलेली गिटार आणि ग्रीन डेचा गायक बिली जो आर्मस्ट्राँगचा नाकातला आवाज, ड्रम्स नंतर येतात, आणि तरी पहिल्या ओळीपासून चाल डोक्यात बसते. त्या गाण्यातला कॉर्डचा क्रम तर पाखेलबेल या तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन संगीतकाराच्या प्रसिद्ध कॅननशी जवळपास जुळतो. म्हणजे वाजवायला कोणीही वाजवेल हो, पण असं रचायला बसा म्हणजे घोडं कुठे पेंड खातं ते कळेल.

ही पोरं कुठली

बिली जो आर्मस्ट्राँग आणि माईक डर्न्ट, सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडच्या किनाऱ्यावरच्या भागातले, त्याला ईस्ट बे म्हणतात. बिली जो रोडिओचा, तेलाच्या रिफायनरीचं गाव. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ ड्रम्स वाजवायचे, १९८२ मध्ये कॅन्सरने गेले तेव्हा पोरगा दहा वर्षांचा. आई हॉटेलात वेट्रेस. त्याच सुमारास शाळेत माईक भेटला आणि पंधराव्या वर्षी दोघांनी बँड काढला, आधी नाव होतं स्वीट चिल्ड्रन. ट्रे कूल हा ड्रमर १९९० मध्ये आला, म्हणजे आज आपण बघतो ते तिघं तेव्हापासूनचे.

यांचं खरं घर म्हणजे बर्कली शहरातला ९२४ गिलमन स्ट्रीट हा हॉल. १९८६ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालेला, सगळं कामकाज वॉलंटिअर्स बघणार, तिकीट स्वस्त, कुठल्याही वयाचं पोरगं आत येऊ शकतं. भिंतीवर नियम लिहिलेले: दारू नाही, ड्रग्ज नाही, मारामारी नाही, वंशवाद नाही, बायकांबद्दल किंवा समलिंगींबद्दल वाकडं बोलायचं नाही. आणि अजून एक नियम, जो पुढे या गोष्टीचा कणा होतो, की मेजर लेबलशी, म्हणजे अवाढव्य रेकॉर्ड कंपनीशी, करार केलेला बँड इथे वाजवणार नाही. आता हे वाचून तुम्हाला वाटेल की पंक आणि एवढे नियम? पण त्या काळात पंकच्या शोमध्ये गुंडगिरी आणि नाझी चिन्हं मिरवणारी टोळकी घुसली होती आणि त्यांच्यापासून सोळा वर्षांच्या पोरांना वाचवायचं तर नियम लागतातच.

याच हॉलच्या आसपास लुकआउट रेकॉर्ड्स नावाचं छोटं लेबल उभं राहिलं. ग्रीन डेचे पहिले दोन अल्बम त्यांनीच काढले, '३९/स्मूद' आणि त्यानंतर 'करप्लंक'. बँड गावोगाव फिरायचा तो फिरत्या वाचनालयाच्या जुन्या गाडीतून, ड्रायव्हर कोण तर ट्रे कूलचे वडील. 'करप्लंक'च्या सुमारे ५०,००० प्रती खपल्या, टीव्ही नाही, रेडिओ जवळपास नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मेजर लेबल म्हणजे नेमकं काय

रेकॉर्ड लेबल म्हणजे रेकॉर्डिंगला पैसे घालणारी, ते छापणारी आणि विकणारी कंपनी. त्यातली मोजकी अवाढव्य आहेत, त्यांना मेजर म्हणतात. तेव्हा सहा होती, आज तीनच उरलीत, युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. बाकी सगळी इंडी, म्हणजे स्वतंत्र. ग्रीन डेने १९९३ मध्ये करार केला तो रिप्राइझशी, जे वॉर्नरच्या घरातलं लेबल. हे रिप्राइझ १९६० मध्ये फ्रँक सिनात्राने काढलेलं, सूटबूटवाला गायक, कुठे तो आणि कुठे हे हिरवे केसवाले!

लोकांना वाटतं मेजर म्हणजे पैसा. पैसा असतोच, पण १९९४ मध्ये खरी ताकद होती पोचवण्याची. स्ट्रीमिंग नव्हतं, गाणं ऐकायचं तर सीडी किंवा कॅसेट हातात पडायला हवी आणि ती पडायला तुमच्या गावच्या दुकानात असायला हवी. अमेरिकेतल्या मॉलमधल्या दुकानांत आणि मोठ्या चेन स्टोअर्समध्ये माल पोचवायचं जाळं मेजरच्या हातात होतं. छोट्या लेबलचा माल जायचा तो छोट्या वितरकांकडून आणि टपालाने, आणि ओहायोतल्या कुठल्यातरी गावातल्या तेरा वर्षांच्या पोराला लुकआउट नावाचं काही अस्तित्वात आहे हेच माहीत नसायचं. दुसरं म्हणजे रेडिओ आणि एमटीव्ही. तिथे रोज शेकडो सीडी येऊन पडायच्या, त्यातली कुठली वाजणार हे ठरायचं ते लेबलची माणसं रोज फोन करून, भेटून, मागे लागून. हे काम फुलटाइम पगारी माणसांचं असतं, दोस्त मंडळींच्या जोरावर होत नाही.

अजून एक गोष्ट जिची चर्चा कमी होते. १९९१ पर्यंत अमेरिकेतली विक्रीची यादी म्हणजे बिलबोर्ड चार्ट दुकानदारांना फोन करून बनवायचे, दुकानदार अंदाजाने सांगणार. मे १९९१ पासून बारकोड स्कॅन करून खरी विक्री मोजायला लागले आणि अचानक दिसलं की लोक कंट्री म्युझिक, रॅप आणि वेगळ्या धाटणीचं रॉक धरून चाललेल्यापेक्षा कितीतरी जास्त विकत घेतायत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निर्व्हाना या रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम आला आणि जानेवारीत पहिल्या नंबरवर गेला. मग काय, मेजरची माणसं चेकबुक घेऊन छोट्या हॉलमध्ये पुढचा निर्व्हाना शोधत फिरायला लागली. ग्रीन डेकडे तेव्हा ५०,००० चा आकडा होता, म्हणजे ते मागायला गेले नव्हते, निवडायला बसले होते. करार करताना हा फरक फार मोठा असतो.

पैसे मिळतात म्हणजे नक्की काय मिळतं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश. बातमीत येतं की अमुक बँडला लेबलने इतके लाख डॉलर दिले. ते बक्षीस नसतं आणि पगारही नसतो, ती उचल असते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो आणि मग तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती फिटेपर्यंत हातात फार काही पडत नाही, लेबलचा ॲडव्हान्स साधारण तसाच. त्यातूनच स्टुडिओचं भाडं, प्रोड्युसर, मॅनेजरचं कमिशन, वकील, आणि उरलं तर घरभाडं. व्हिडिओचा खर्च, टूरला दिलेली मदत, यातलं बरंचसं पण बँडच्याच खात्यावर चढतं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की अल्बम पडला तर लेबल बँडच्या घरी वसुलीला येत नाही. पण पुढचा अल्बम त्याच लेबलकडे केला की जुनी थकबाकी बहुतेक करारांत त्याच्या अंगावर टाकता येते.

आता आकडेमोड, हे आकडे माझे, फक्त समजण्यासाठी. समजा उचल आणि खर्च मिळून २ लाख डॉलर. समजा एका सीडीमागे बँडचा वाटा म्हणजे रॉयल्टी १ डॉलर आणि लेबलच्या हातात खर्च वजा जाता ४ डॉलर. तर २ लाख सीडी खपेपर्यंत बँडला एक छदामही मिळणार नाही कारण त्यांचा १ डॉलर उचल फेडण्यात जातोय. लेबलचे मात्र ५०,००० सीडींनाच पैसे वसूल झाले, पुढच्या दीड लाख सीडींवर ते फायद्यात आहेत आणि बँड कागदोपत्री अजून कर्जातच. फेड होते ती बँडच्या वाट्यातून, एकूण कमाईतून नाही. ही मेख आहे. स्टीव्ह अल्बिनी नावाच्या रेकॉर्डिंग इंजिनिअरने १९९३ मध्ये 'द बॅफलर' या नियतकालिकात हाच हिशोब ओळ न् ओळ मांडून दाखवला होता आणि म्युझिकवाले आजही तो लेख एकमेकांना पाठवतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याने निर्व्हानाचा मेजर लेबलवरचा अल्बम रेकॉर्ड केला, पण रॉयल्टी घ्यायला नकार देऊन, फक्त ठरलेली फी.

आणि मास्टर. मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, ज्याच्यावरून सगळ्या प्रती निघतात. मेजरच्या ठरलेल्या साच्यातल्या करारात ते लेबलचं होतं, उचल फिटली तरी लेबलचंच राहतं. घराचे हप्ते तुम्ही भरले आणि घर बँकेच्या नावावर राहिलं, असं काहीसं.

मग लेबलने गाणी बदलून टाकली का

विकले गेले म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच असतो. याची परीक्षा करायची सोय बँडनेच करून ठेवलीये. 'वेलकम टू पॅराडाइज' हे गाणं 'करप्लंक'वर पण आहे आणि 'डूकी'वर पुन्हा रेकॉर्ड केलंय. वेस्ट ओकलंडमधल्या एका पडक्या वेअरहाउसमध्ये उंदीर आणि दोस्तांच्या संगतीत काढलेल्या दिवसांवरचं गाणं. दोन्ही पाठोपाठ ऐका. शब्द तेच, चाल तीच, वेग जवळपास तोच, मधला तो चक्कर येणारा वाद्यांचा तुकडा पण जागच्या जागी. बदललाय तो आवाज. जुन्यात सगळं पातळ आणि जरा लांबून आल्यासारखं वाटतं, नव्यात बेस पोटात लागतो आणि गिटार भिंतीसारखी उभी राहते.

हे केलं प्रोड्युसर रॉब कॅव्हालोने. रेकॉर्डिंग बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत, तीनेक आठवड्यांत आटोपलं, म्हणजे मेजरच्या मानाने झटपट. पहिलं मिक्सिंग (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं) कोणालाच आवडलं नाही, मग जेरी फिन नावाच्या तरुण इंजिनिअरला घेऊन पुन्हा केलं. त्यांना हवा होता कोरडा आवाज, घुमारा न घातलेला, जसं काही ते तुमच्या समोर चार फुटांवर वाजवतायत. आजही तो अल्बम जुना वाटत नाही त्याचं मला तरी हेच कारण दिसतं, त्याच काळातले कितीतरी अल्बम ऐकले की लगेच कळतं हे नव्वदचं आहे.

आणि लेबलने गाणी गुळगुळीत केली असती तर विषय बघा ना. 'लाँगव्ह्यू' हे पहिलं सिंगल (अल्बममधून वेगळं काढलेलं गाणं) म्हणजे बेरोजगार पोरगा सोफ्यावर पडून टीव्ही बघतोय, कंटाळलाय आणि हस्तमैथुन करतोय, बास, एवढंच. 'बास्केट केस' म्हणजे बिली जोला येणारे पॅनिक अटॅक, ज्याला तेव्हा त्याच्याकडे नीट नावही नव्हतं. 'कमिंग क्लीन' स्वतःच्या बायसेक्शुअल असण्याबद्दल. टूरला सोबत घेतला पॅन्सी डिव्हिजन हा उघडपणे गे असलेला बँड, आणि तेही १९९४ मध्ये, समोर गावाकडची पोरं शिव्या घालतायत तरी. कव्हर बघितलंय का? रिची बुचर या तिथल्याच पंक चित्रकाराचं कार्टून, बर्कलीच्या रस्त्यावर वरून बॉम्ब पडतायत, कुत्री शी फेकतायत, आणि गर्दीत त्यांच्याच सीनमधली ओळखीची माणसं. अल्बमच्या नावाचा अर्थही तोच, शी. कुठल्या मार्केटिंगवाल्याने हे सुचवलं असेल असं वाटत नाही.

मग एवढं चाललं कशाने

'लाँगव्ह्यू' सुरू होतं ते ड्रम्स आणि मग माईक डर्न्टच्या त्या लोळत चाललेल्या बेसने. कडव्यात गिटार जवळपास नाहीच, नुसता बेस फिरत राहतो, आणि मग ध्रुवपदात गिटार अंगावर येते. कंटाळा आणि त्याचा स्फोट, शब्द कळले नाहीत तरी कळतं. व्हिडिओ त्यांच्याच राहत्या तळघरात शूट केला, तोच सोफा, तोच कचरा. एमटीव्हीने तो उचलला आणि लाखो घरांतल्या पोरांना आपल्याच खोलीचं चित्र दिसलं.

वेळ पण जुळली, आणि ही जरा विचित्र जुळणी आहे. एप्रिल १९९४ मध्ये निर्व्हानाचा गायक कर्ट कोबेन गेला. दोन-तीन वर्षं रॉक म्हणजे जड, संथ, दुःखी असं चाललं होतं. ग्रीन डेची गाणी पण दुःखाचीच होती, पण वेगवान, थट्टेच्या सुरात आणि स्वतःवर हसणारी. मग ऑगस्टमध्ये वुडस्टॉक ९४. न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज गावात पावसाने मैदानाचा नुसता राडा झालेला, लोक स्टेजवर चिखलाचे गोळे फेकायला लागले, बिली जोने ते परत फेकले, बघता बघता युद्धच पेटलं. एका सिक्युरिटीवाल्याने माईकला स्टेजवर चढलेला प्रेक्षक समजून आडवा केला आणि त्याचे दात फुटले. हे सगळं देशभर टीव्हीवर दिसत होतं. यापेक्षा चांगली जाहिरात लेबलला विकत घेऊनही मिळाली नसती.

'लाँगव्ह्यू', 'बास्केट केस', 'व्हेन आय कम अराउंड', तिन्ही बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या नंबरवर. अल्बम मुख्य चार्टवर दुसऱ्यापर्यंत. १९९५ मध्ये ग्रॅमी. १९९९ ला अमेरिकेत १ कोटीचं डायमंड सर्टिफिकेट आणि २०२४ मध्ये, स्ट्रीमिंग धरून, २ कोटींचं.

पण इंडी राहूनही झालंच असतं की

हा आक्षेप फालतू नाहीये, कारण तसं घडलं, त्याच वर्षी, त्याच राज्यात. ऑफस्प्रिंग या पंक बँडचा 'स्मॅश' एप्रिल १९९४ मध्ये एपिटाफ या स्वतंत्र लेबलवर आला आणि जगभरात १ कोटीच्या वर गेला. मग?

माझं मत असं की ही उदाहरणं एकमेकांना खोडत नाहीत. एपिटाफ चालवत होता बॅड रिलिजन या पंक बँडचा गिटारवादक ब्रेट गुरेविट्झ, लॉस एंजेलिसमध्ये, जिथे केआरओक्यूसारखं एका गाण्यावरून देशाचा कल बदलणारं रेडिओ स्टेशन दाराशी होतं, आणि लेबलचा दहाएक वर्षांचा अनुभव. लुकआउट म्हणजे काय, तर ऑफिस पण धड नाही अशी मोजकी माणसं. शिवाय 'स्मॅश' बाहेर आला तोपर्यंत 'लाँगव्ह्यू' वाजायला लागलं होतं, रेडिओवाल्यांना अशा गाण्याची चव लागायला सुरुवात झाली होती. आणि शेवटी ऑफस्प्रिंग पण पुढच्या अल्बमला मेजरकडे गेलेच. ग्रीन डे लुकआउटवर राहिले असते तर 'डूकी' दोन-तीन लाख खपला असता, आणि आपण मुंबईत कधी ऐकला नसता. पण मान्य, हा अंदाज आहे.

मग गिलमनवाले उगाच चिडले होते का

अजिबात नाही. इथे बहुतेक लेख गिलमनवाल्यांना जळकुकडे म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. १९९३ नंतर ग्रीन डेला त्या हॉलने वाळीत टाकलं, ज्या हॉलमध्ये ते वाढले तिथे वाजवायची बंदी, आणि जुने दोस्त तोंड फिरवायला लागले. बिली जोने त्यावर पुढच्या 'इन्सॉम्नियॅक' अल्बमवर '८६' नावाचं गाणंच लिहिलं. 'मॅक्सिमम रॉकनरोल' हे तिथलंच पंक मासिक, त्यांनी मेजरच्या बँडांना पानंच बंद केली आणि १९९४ मध्ये कव्हरवर तोंडात पिस्तूल घातलेल्या माणसाचा फोटो छापून मेजरला जाणं म्हणजे आत्महत्या असं सरळ सुचवलं, तेही कोबेनच्या मृत्यूला काही आठवडे झालेले असताना. हे जरा अतीच झालं.

पण त्यांची भीती एका बँडबद्दल नव्हती. मेजरचा पैसा गावात आला की काय होतं, तर स्वस्त हॉलमध्ये वाजवणाऱ्या प्रत्येक पोराला वाटायला लागतं की मागे कोट घालून उभा असलेला माणूस बघतोय, आणि गाणी त्याच्यासाठी व्हायला लागतात. बरं, सगळ्यांचं ग्रीन डेसारखं होत नाही. जॉब्रेकर घ्या. त्याच परिसरातला, लेखन तर माझ्या मते ग्रीन डेपेक्षा सरस, आणि आम्ही मेजरला कधीच जाणार नाही असं जाहीर बोललेला बँड. मग गेले, निर्व्हानाच्या डीजीसी या मेजरवाल्या लेबलकडे. १९९५ मध्ये 'डिअर यू' आला, प्रोड्युसर कोण तर हाच रॉब कॅव्हालो. जुने चाहते शोमध्ये स्टेजकडे पाठ करून बसायला लागले, नवे चाहते आलेच नाहीत, १९९६ मध्ये बँड फुटला. तेलही गेलं, तूपही गेलं. तोच सीन, तोच प्रोड्युसर, तसंच मोठं लेबल, मधे फक्त दीड वर्ष. त्यामुळे 'डूकी' बघून मेजरला जाणं शहाणपणाचं होतं असं म्हणायचं आणि 'डिअर यू' विसरायचं, हे बरोबर नाही. अल्बिनीचा हिशोब बहुतेकांना लागू होता, ग्रीन डे त्यातून सुटले ते खप उचलीच्या कितीतरी पट झाला म्हणून.

इंडी म्हणजे प्रामाणिक, मेजर म्हणजे चोर?

हा शेवटचा गैरसमज, आणि याचं उत्तर लुकआउटने स्वतःच दिलं. 'डूकी' गाजल्यावर लोक जुने अल्बम शोधायला लागले आणि 'करप्लंक' लाखांनी खपायला लागला. लुकआउटचा करार बँडच्या बाजूचा होता, खर्च वजा जाता नफ्यातला मोठा वाटा बँडला. छोटं लेबल अचानक पैशात न्हालं, माणसं वाढली, खर्च वाढला, पुढे मालकी बदलली. मग रॉयल्टी थकायला लागली. एकेक बँड आपली रेकॉर्डिंग्ज काढून घ्यायला लागला आणि २००५ मध्ये ग्रीन डेनेही थकलेल्या पैशांवरून आपले जुने अल्बम परत घेतले. २०१२ मध्ये लुकआउट बंद पडलं. 'करप्लंक' आज निघतो तो रिप्राइझकडून.

बघा म्हणजे, जे अल्बम त्यांना काढून घेता आले ते इंडीचे, कारण तिथल्या करारात हक्क बँडकडे राहिला होता. आणि पैसे थकवले तेही इंडीनेच. चांगला करार आणि चांगला हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लेबलच्या आकारावरून दोन्हीपैकी काहीच कळत नाही.

आज आपल्या पोरांना याचं काय

दुकानात सीडी पोचवायचा प्रश्न आता संपला. पुण्यातली किंवा नागपुरातली पोरं आज रात्री गाणं अपलोड करतील आणि सकाळी ते टोरांटोत ऐकता येईल. पण लेबलं गेली नाहीत, आणि उचल, मास्टर, फेड हे शब्द मराठी रॅपर आणि इंडी बँडांच्या करारांतही तसेच बसलेत. त्यामुळे कोणी पुढे कागद सरकवला की बातमीत द्यायचा आकडा बाजूला ठेवून मास्टर कोणाचं आणि किती वर्षांसाठी, कुठला खर्च आपल्या वाट्यातून कापणार, एका गाण्याचा तोटा दुसऱ्यावर टाकणार का, आणि हिशोबाची वही तपासायचा हक्क आहे का, हे शोधायचं. वकिलाला दाखवायचं, आणि तो वकील लेबलने सुचवलेला नको.

एका बाबतीत आपल्याकडच्या गीतकार-संगीतकारांना ९४ च्या त्या तिघांपेक्षा बरं संरक्षण आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनुसार रेकॉर्ड केलेल्या गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत शब्द लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला ज्याच्या नावे कॉपीराइट केला त्याच्या बरोबरीचा वाटा आहे, आणि तो हक्क वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून कोणालाही लिहून देता येत नाही. करारात तसं कलम घातलेलं असलं आणि खाली तुमची सही असली, तरीही.